विशाखापट्टणची गोदी आणि एक सही

घरांतील मूल पुढें काय करणार, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत त्या मुलाचा एकट्याचा कधींच नसतो. आजीपासून शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत प्रत्येकाचें त्यावर कांहीं ना कांहीं मत असतें, आणि तें मत न विचारतां मिळतें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुण्याच्या घरांत असाच एक प्रश्न उभा राहिला. माझ्या दिवंगत पुतण्याची मुलगी बारावी झाली, आणि सर्वांच्या देखत, पानें वाढलेलीं असतांना, तिनें सांगून टाकलें, “मला जहाजें बांधायचीं आहेत.”

वाढणाऱ्या सूनबाईचा हात तसाच थांबला. आमच्या वहिनी, म्हणजे मुलीची आजी, क्षणभर कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “भावजी, तुम्ही सांगा तिला. बोटीवर जायचें म्हणते ही.”

या एका वाक्यांत घराघरांतून आढळणारा एक गैरसमज सांठवलेला आहे. जहाज म्हटलें कीं आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र येतें: घर सोडून सहा-सहा महिने अथांग पाण्यावर राहणारा खलाशी. वास्तविक येथें दोन निरनिराळ्या विद्या आहेत. एक सागरी यंत्रशास्त्र. ज्यांत मनुष्य जहाजाच्या पोटांत यंत्रांसंगें राहतो. दुसरी नौकास्थापत्य; ज्यांत तो जमिनीवर बसून जहाजाचा आकार, तोल, वेग आणि बळकटी ठरवितो. घर बांधणारा आणि त्या घरांत राहून तें नांदतें ठेवणारा यांत जो भेद, तोच येथें. आमच्या मुलीच्या मनांत दुसरी विद्या होती. परंतु हें समजावून सांगायला शब्द पुरेनात, तेव्हां तिनें स्वयंपाकघरांतील परात आणली, ती पाण्यानें भरली आणि तींत एक वाटी सोडली.

“आजी, पाहा. वाटी तरंगते, कारण ती जेवढें पाणी बाजूला सारते तेवढ्याच वजनाची ती आहे.” वाटीच्या तळाशीं तिनें शेंगदाणे घातले, वाटी खालीं बसली, पण अधिकच स्थिर झाली. मग शेंगदाणे काढून तिनें वाटींत एक उंच पेला उभा केला आणि तो भरूं लागली. थोड्या वेळानें पेल्यासकट वाटी कलली ती कललीच. “वजन तेंच असलें, तरी तें कोठें आहे यावर सगळें अवलंबून. जहाज थोडें कललें म्हणजे पाण्याचा रेटा त्याला सरळ करतो कीं आणखी पाडतो, हें आधीं गणितानें सांगणें, ही माझी विद्या.”

वहिनींनी पाण्यांत पडलेले शेंगदाणे वेंचले आणि म्हणाल्या, “म्हणजे घरीं बसून करण्याचें काम आहे तर!” अर्धी लढाई तेथेंच जिंकली गेली. समुद्र ओलांडण्याच्या पातकाची गोष्ट वहिनींच्या मनांत मुळींच नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या तेव्हां पुण्यांत काय बोललें गेलें, हें त्यांनीं आपल्या आजेसासूंकडून ऐकलें होतें, आणि तें बोलणारे चुकले होते असें त्यांचें स्पष्ट मत आहे. त्यांची भीति निराळी होती. ज्या घरांतून एक कर्ता मुलगा अकालीं गेला, त्या घरांतून त्याची मुलगी दूर पाठवायला मन घट्ट होत नव्हतें. सूनबाई तर कांहीं बोलतच नव्हती. आणि तिचें न बोलणें मला अधिक जड वाटत होतें.

माझ्या जड वाटण्याला आणखीहि एक कारण होतें. १९७० सालीं मी स्वतः अठरा वर्षांचा असतांना कलकत्त्याच्या मरीन इंजिनीअरिंग कॉलेजांत जाण्यासाठीं निवडला गेलों होतों. १९४९ सालीं स्थापन झालेली ती संस्था त्या काळीं या विद्येचें मुख्य पीठ होती. अर्जावर पालकाची सही हवी होती. वडिलांनीं अर्ज तीन दिवस आपल्या मेजावर ठेवला आणि चौथ्या दिवशीं सही न करतां परत दिला. ते रागावले नाहींत, एक शब्द बोलले नाहींत. मी पुढें बँकेंत लागलों, सुखानें निवृत्त झालों. माझें कांहीं वाईट झालें नाहीं. परंतु मुंबईस गेलों कीं अजूनहि माझे पाय आपोआप बंदराच्या बाजूस वळतात. असो.

प्रवेशपरीक्षा पार पडली. मुलीला विशाखापट्टण येथें नौकास्थापत्याच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमांत जागा मिळाली. २००८ सालीं स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा तेथें विभाग आहे. पोंचवायला कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हां मीच पुढें झालों.

कोणार्क एक्स्प्रेसनें आम्ही पुणें सोडलें. रात्र पडल्यावर सोलापूर आलें. मीं मुलीला खिडकीपाशीं बोलावून म्हटलें, “ज्या गांवीं तूं चालली आहेस, तेथील गोदीचा मूळपुरुष या गांवचा बरें!” वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांत झाला. साखर, विमानें, मोटारी अशा अनेक उद्योगांत त्यांचें नांव आहे. पण त्यांच्या सगळ्या धडपडींत जहाजांची धडपड सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कष्टाची. १९१९ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘लॉयल्टी’ नांवाची आगबोट विकत घेतली. ही बोट पूर्वी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नांवानें पॅसिफिक महासागरावर फिरत असे. पुढें ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं ती घेतली आणि पहिल्या महायुद्धांत ती रुग्णालयबोट म्हणून वापरली गेली. शिंद्यांकडून आलेल्या बोटीवरून कंपनीचेंहि नांव ‘सिंधिया’ पडलें. ५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. याच प्रवासाची आठवण म्हणून आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

दुसऱ्या दिवशीं दुपारनंतर गाडी राजमहेंद्रीच्या पुलावर चढली. पूल जवळजवळ तीन किलोमीटर लांब आहे. त्र्यंबकेश्वरीं ओंजळीएवढी पाहिलेली गोदावरी येथें समुद्राच्या तयारीनें पसरलेली असते. डब्यांतील आयाबायांनीं खिडकींतून नाणीं टाकलीं. आमची मुलगी मात्र पुलाखालून जाणाऱ्या एका रेतीच्या नावेकडे टक लावून पाहत होती. नाव काठोकाठ भरली होती. पाण्यावर तिची कड चार बोटेंहि उरली नव्हती. “आजोबा, हिला पेलते कसें?” तिनें विचारलें. प्रश्न तिनेंच विचारला आणि उत्तरहि तीच देऊं लागली. मीं मान डोलावीत राहण्याचें काम केलें.

विशाखापट्टण हें गांव डोंगर आणि समुद्र यांच्यामध्यें वसलें आहे. समुद्रांत घुसलेला एक मोठा डोंगर आहे. त्याला माशाच्या नाकाचा आकार असल्यामुळें ‘डॉल्फिन्स नोज’ म्हणतात. त्याच्यावर दीपगृह आहे. या डोंगराच्या आडोशानें खाडींत शिरणारा एक अरुंद मार्ग खणून आंतलें बंदर केलेलें आहे. तें १९३३ सालीं जहाजांस खुलें झालें, आणि त्या मार्गानें आंत शिरलेलें पहिलें जहाज सिंधिया कंपनीचें ‘जलदुर्गा’ हें होतें. मार्गाच्या दुसऱ्या बाजूस तीन टेकड्या एकमेकींस लागून आहेत: एकीवर व्यंकटेश्वराचें देऊळ, एकीवर दर्गा आणि एकीवर, रॉस हिल नांवाच्या टेकडीवर, ख्रिस्ती मंदिर. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला ज्याचें ज्याचें दैवत जातांजातां दिसावें, अशी सोय निसर्गानेंच करून ठेवलेली दिसते.

सकाळीं आम्ही रॉस हिलवर चढलों. खालून एक मालवाहू जहाज त्या अरुंद मार्गानें आंत येत होतें. त्याच्या पुढें-मागें दोन लहान ओढबोटी लगबग करीत होत्या. एवढें प्रचंड धूड, पण आवाज म्हणून नाहीं. दूरवर गोदीच्या उंच याऱ्या दिसत होत्या. तीच ती गोदी. २१ जून १९४१ रोजीं डॉ. राजेन्द्रप्रसाद यांच्या हस्तें तिची कोनशिला बसली. युद्ध चालू होतें. पुढच्याच वर्षीं, ६ एप्रिल १९४२ रोजीं, जपानी विमानांनीं या बंदरावर बाँब टाकले. अशा दिवसांत, परक्या सरकारची अनुकूलता नसतांना, जहाजें बांधण्याचा कारखाना काढणें म्हणजे वादळांत समई लावण्यासारखें होतें. पण ती समई विझली नाहीं. १४ मार्च १९४८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें ‘जलउषा’ हें आठ हजार टनांचें जहाज येथून पाण्यांत उतरलें. १९५२ सालीं सरकारनें गोदींत मोठा हिस्सा घेऊन तिला ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ हें नांव दिलें, १९६१ पासून ती संपूर्ण सरकारची झाली. १९५३ सालीं वालचंद निवर्तले. परंतु गोदीच्या आसपासच्या वस्तीला तेलुगू माणूस आजहि ‘सिंधिया’ म्हणतो. रिक्षावाल्यानें सहज “सिंधिया?” असें विचारलें, तेव्हां आमच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचें नांव त्याच्या तोंडून ऐकून मला मोठी गंमत वाटली.

मुलीला मात्र इतिहासाहून यंत्रांची ओढ अधिक. रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ नांवाची पाणबुडी वाळूवर आणून ठेवलेली आहे. सोव्हिएट संघांत बांधलेली ही पाणबुडी १९६९ सालीं नौदलांत दाखल झाली, २००१ सालीं निवृत्त झाली आणि २००२ पासून तिचें संग्रहालय झालें. लांबी एक्क्याण्णव मीटर. पण आंत गेल्यावर दोन माणसें एकमेकांस ओलांडून जातांना अंग चोरावें लागतें. बिछाने पाणतीरांच्या नळ्यांशेजारीं, स्वयंपाकघर आमच्या देवघराएवढें. मागील भागांत तीन डिझेल इंजिनें आणि त्यांच्या पलीकडे विजेच्या मोटारी. पाण्यावर असतांना इंजिनें चालवून विजेचे सांठे भरावयाचे आणि पाण्याखालीं त्या सांठ्यांवर मोटारी चालवावयाच्या, कारण इंजिनाला श्वास लागतो आणि पाण्याखालीं तो मिळत नाहीं. माहिती सांगणारे गृहस्थ निवृत्त नौसैनिक होते. मीं त्यांना विचारलें, “या उकाड्यांत माणूस राहतो कसा?” ते हंसून म्हणाले, “यंत्र नीट चालत असलें म्हणजे उकाडा आठवत नाहीं. तें बंद पडलें कीं मात्र सगळें आठवतें.”

सागरी यंत्रशास्त्राचें सगळें मर्म मला या वाक्यांत सांपडलें. जहाज भर समुद्रांत बिघडलें, तर हांक मारायला शेजारीं कारखाना नसतो. मुख्य इंजिन, वीज करणारीं यंत्रें, समुद्राच्या पाण्याचें गोडें पाणी करणारें यंत्र, शीतगृह, पंप, या सर्वांची देखभाल मूठभर माणसांवर. या मार्गानें जाणाऱ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी, सामायिक प्रवेशपरीक्षा, चार वर्षांचें वसतिगृहांतील शिक्षण, मग जहाजावर उमेदवारी, आणि मग जहाजवाहतूक संचालनालयाची परीक्षा, अशा पायऱ्या आहेत. चौथ्या वर्गाचें प्रमाणपत्र मिळालें म्हणजे तो अधिकारी होतो. पुढें समुद्रावर ठराविक काळ काढून दुसऱ्या व पहिल्या वर्गाच्या परीक्षा द्याव्या, तेव्हां कोठें ‘चीफ इंजिनीअर’ होतां येतें. डोळ्यांची तपासणी कडक असते. रंग ओळखतां न येणाऱ्यास हा मार्ग बंद आहे. पगार चांगला मिळतो यांत शंका नाहीं. पण सण, लग्नें आणि कधीं कधीं आप्तांच्या शेवटच्या भेटीहि त्या पगारांतून वजा होतात, हें घरच्यांनीं आधींच समजून घ्यावें. आणखी एक सावधगिरीची गोष्ट. जहाजावर नोकरी लावून देतों म्हणून पैसे मागणारे दलाल शहरोशहरीं आहेत. संस्था मान्यताप्राप्त आहे कीं नाहीं आणि नोकरी देणाऱ्या कंपनीस सरकारी परवाना आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून एक रुपयाहि हातावेगळा करूं नये.

नौकास्थापत्याची वाट निराळी. कारखान्याचें गणित तिच्यांत कमी, पाण्याचें अधिक. जहाजाची लहान प्रतिकृति करून लांबच लांब हौदांत ती ओढतात, तिला पाणी किती अडवितें तें मोजतात आणि त्यावरून खऱ्या जहाजाला किती शक्तीचें इंजिन लागेल तें ताडतात. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील विल्यम फ्रूड या शास्त्रज्ञानें ही रीत शास्त्रावर बसविली. आपल्याकडे खरगपूरच्या आय.आय.टी.मध्यें १९५२ पासून आणि कोचीनच्या विद्यापीठांत १९७५ पासून ही विद्या शिकविली जाते. शिकून बाहेर पडणाऱ्यास माझगांव, गोवें, कोचीन, कलकत्ता, विशाखापट्टण येथील गोद्या आहेत. जहाजांची बळकटी तपासून दाखला देणाऱ्या संस्था आहेत. नौदलाचे आराखडे करणाऱ्या कचेऱ्या आहेत.

आणि ही विद्या आपल्या किनाऱ्याला परकी तरी कोठें आहे? विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत मराठ्यांच्या आरमाराच्या गोदीचे अवशेष आजहि पाहायला मिळतात. मुंबईस लवजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून आले, आणि त्यांच्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या सागवानाचीं जहाजें बांधलीं. त्यांतील १८१७ चें ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. त्याच घराण्यांतील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ सालीं नौकास्थापत्य शिकण्यासाठीं इंग्लंडला गेले. आणि अर्देसर कर्सेटजी हे १८४१ सालीं रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ, आणि त्यांचें काम आगबोटी व त्यांचीं इंजिनें यांचेंच. म्हणजे आमची मुलगी नवें खूळ घेऊन निघाली नव्हती. मध्यंतरीं आपण विसरलेल्या वाटेनें ती पुन्हा चालली होती.

तिसऱ्या दिवशीं आम्ही शहराबाहेर, वंगली गांवच्या बाजूस असलेल्या विद्यापीठाच्या आवारांत गेलों. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलें आलीं होतीं. मुली थोड्या होत्या, पण होत्या. त्यांच्या आया एका बाकावर बसून निरनिराळ्या भाषांत एकच काळजी करीत होत्या. तेथील एका अध्यापकांशीं बोलण्याचा योग आला. मीं विचारलें, “हिला समुद्रावर जावें लागेल काय?” ते म्हणाले, “जावें लागणार नाहीं. पण जाईल तर बरें. ज्यानें लाट अंगावर घेतली नाहीं, त्याच्या आराखड्यांत लाट कागदाचीच राहते.” मुलगी माझ्याकडे पाहत होती. हें वाक्य पुण्यास सांगायचें कीं नाहीं, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत होता.

मग कागद पुढें आला. पालकाचें नांव, नातें आणि सही. लेखणी हातांत घेतली तेव्हां, खरें सांगतों, मला त्या मेजाऐवजीं वडिलांचें मेज दिसलें. इतकीं वर्षें मी मानीत आलों होतों कीं त्यांना समुद्राची भीति होती. त्या क्षणीं कळलें कीं भीति समुद्राची नव्हती. सही करणें म्हणजे आपल्या हातांतील मूल दुसऱ्याच्या हातीं देणें, आणि त्यांना तें जमलें नाहीं. मला तरी कोठें सहज जमत होतें? माझा हात थांबलेला पाहून मुलगी हळूच म्हणाली, “आजोबा, नको असेल तर...”

मीं तिला वाक्य पुरें करूं दिलें नाहीं. सही केली. नात्याच्या रकान्यांत ‘आजोबा’ असें लिहिलें. पन्नासांहून अधिक वर्षें मनांत राहिलेला राग त्या सहीबरोबर संपला, आणि वडिलांविषयींची माया तेवढी उरली.

परतीच्या गाडीनें राजमहेंद्रीचा पूल मध्यरात्रीनंतर ओलांडला. डबा निजला होता. मीं खिडकींतून एक रुपया गोदावरींत टाकला. ज्याच्यावर विश्वास नाहीं तेंहि मनुष्य कधीं कधीं करतो.

घरीं पोंचल्यावर वहिनींनी सगळें विचारून घेतलें: खोली कशी, जेवण कसें, ताक मिळतें का. अध्यापकांचें तें वाक्यहि मीं लपविलें नाहीं. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग सूनबाईच, इतक्या दिवसांत प्रथमच, आपण होऊन बोलली, “काका, जाईल ती. बांधलेलें पाण्यांत उतरलें कसें, तें पाहायला नको का?”

आतां आमच्या घरीं दर रविवारीं मुलीचा फोन येतो. वहिनींना जहाजाचा तोल आतां नीट समजतो, आणि भाजी वाढतांना कोणीं वाटी फार भरली, कीं त्या सर्वांना ऐकूं जाईल असें म्हणतात, “अहो, जरा बेतानें. कलेल ती!”